गाळ कुणाच्या नावावर?



आजचा विषय ऐकून कुणी नाक मुरडलं असेल तर मी दोष देणार नाही. मैलापाणी शुद्ध केल्यावर तळाशी उरणारा गाळ, आणि तो कुठे टाकायचा याचे परवाने, हा काही संध्याकाळी सभागृहात बसून ऐकायचा विषय नव्हे. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी सारी नोकरी नगरपालिकेच्या जलनिस्सारण खात्यात काढली. त्यांच्या स्मृतीला ज्ञानेश्वरीवरचं व्याख्यानही चाललं असतं, पण हे अधिक शोभेल असं मला वाटतं.

आधी वस्तू समजून घेऊ. शहराचं मैलापाणी प्रकल्पात येतं. त्यातलं जड ते तळाशी बसतं. पाण्यात विरघळलेली घाण जिवाणू खातात, त्यावर वाढतात, आणि शेवटी तेही तळाशी बसतात. वरचं निवळलेलं पाणी नदीत सोडलं की आपण म्हणतो, शुद्धीकरण झालं. घाण मात्र नाहीशी झालेली नसते, ती फक्त एका जागी गोळा झालेली असते. दर दहा लाख लिटर मैलापाण्यामागे ढोबळमानानं दोनशे किलो कोरडा गाळ धरा. पाणी जितकं चांगलं शुद्ध कराल तितका तो वाढतो. नदीसुधारणेच्या कार्यक्रमांत हे वाक्य कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतो आहे.

या गाळात नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्ब आहे. आपल्या जमिनी ज्याला आसुसल्या आहेत ते सगळं आहे. आणि त्याच्याच पोटात जंतांची अंडी आहेत, रोगजंतू आहेत, मुलामा देणाऱ्या कारखान्यातलं निकेल आहे, जुन्या नळांतलं शिसं आहे. गावानं गटारात जे जे ओतलं, ते ते त्यात आलं. मग हे खत की विष? ते ठरवणार कोण? आणि ठरवणाऱ्याचं चुकलं, तर भरायचं कुणी?

या प्रश्नांचं फार तपशीलवार लेखी उत्तर अमेरिकेनं दिलं. ते देताना ती फसलीही. म्हणून आज अर्ध्याहून जास्त वेळ मी तिकडेच घालवणार आहे. घरी परत येऊच.

न्यूयॉर्क शहर १९२४ पासून आपला गाळ बोटींत भरून समुद्रात सोडत होतं. आधी किनाऱ्यापासून १२ मैलांवर. तिथला समुद्रतळ नासला, ओरड झाली, तेव्हा १९८०च्या दशकात तो १०६ मैलांवर नेऊन सोडू लागले. म्हणजे उपाय काय, तर आणखी लांब! १९८८ साली तिथल्या काँग्रेसनं समुद्रात गाळ टाकायला बंदी करणारा कायदा केला आणि जून १९९२अखेर न्यूयॉर्कच्या बोटी थांबल्या.

बोटी थांबल्या. सत्तर लाख माणसं थोडीच थांबणार होती? मग गाळ आगगाडीत बसला आणि निघाला टेक्सासला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या सिएरा ब्लँका नावाच्या रखरखीत गावाजवळ. तिथल्या एका अफाट रानावर तो २००१ पर्यंत पसरला जात होता. गावकऱ्यांनी त्या गाडीला ठेवलेलं नाव भाषांतर करून या सभागृहात सांगण्यासारखं नाही.

समुद्र बंद झाला, आता गाळ जमिनीवर येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे जमिनीसाठी नियम हवे होते. १९८७ च्या दुरुस्तीनं स्वच्छ पाणी कायद्यात तशी सक्ती आणली होती, आणि १९ फेब्रुवारी १९९३ रोजी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, नियम प्रसिद्ध केले. त्या क्षेत्रातली माणसं त्यांना नुसतं 'पाचशे तीन' म्हणतात, कारण नियमसंग्रहातला तो भाग क्रमांक ५०३.

या नियमांत गाळाला तीन वाटा दिल्या आहेत. जमिनीवर खत म्हणून पसरा, ठरावीक जागी कायमचा टाका, किंवा भट्टीत जाळा. शहराच्या कचराभूमीत मिसळायचा असेल तर त्याचे नियम वेगळे. जाळण्याबद्दल मी आज बोलणार नाही, तो हवेचा विषय आहे आणि त्याला वेगळी संध्याकाळ लागेल. जमिनीचं बघू.

आधी धातू. मूळ यादीत दहा होते. कातडी कमावणारे उद्योग कोर्टात गेले आणि क्रोमियम यादीतून गळलं. उरले नऊ. एक कमाल मर्यादा, तिच्यावर गेलं तर गाळ शेतात जाणारच नाही: किलोमागे कॅडमियम ८५ मिलिग्रॅम, शिसं ८४०. त्याखाली दुसरी, कडक मर्यादा: कॅडमियम ३९, शिसं ३००. दुसऱ्या मर्यादेच्या आत असेल तर धातूंबाबत मोकळीक. दोन्हींच्या मध्ये असेल तर? तर त्या शेताचं पासबुक सुरू होतं. हेक्टरमागे आयुष्यभरात कॅडमियम ३९ किलो, शिसं ३०० किलो. तेवढं भरलं की खातं बंद, पुन्हा तसला गाळ त्या जमिनीवर नाही. आणि हे पासबुक पाच वर्षांनी रद्दीत द्यायचं नाही, कायमचं जपायचं. नवा माणूस गाळ घेऊन त्या शेतावर गेला, तर त्यानं आधी राज्याच्या परवाना कार्यालयात विचारायचं: २० जुलै १९९३ नंतर इथे असा गाळ पडलाय का, आणि किती? जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी नोंद जमिनीबरोबर राहते. आकडे बाजूला ठेवा. मला या नियमात सगळ्यात शहाणं वाटतं ते हे.

मग जंतू. गाळाचे दोन वर्ग, अ आणि ब. अ वर्गाचा गाळ उष्णता देऊन किंवा नीट कंपोस्ट करून जवळजवळ निर्जंतुक केलेला. तो पोत्यात भरून दुकानात विकता येतो. मिलवॉकी शहर १९२६ पासून असं खत विकतंय, 'मिलॉर्गनाइट' नावानं, लोक ते हिरवळीवर टाकतात. ब वर्गाच्या गाळात मात्र ग्रॅममागे वीस लाखांपर्यंत विष्ठेतले जिवाणू चालतात. दचकलात? दचकायलाच हवं. म्हणून तिथे परवानगी नुसत्या गाळाला नसते, तिच्यात जमीनही येते आणि वेळही येतो. गुरं चरायला सोडायची तर ३० दिवस थांबा. काकडी, कलिंगड अशी मातीला टेकणारी पिकं काढायची तर १४ महिने. बटाटा, गाजर, मुळा या मातीखालच्या पिकांना २० महिने, आणि गाळ लवकर नांगरून मातीत घातला असेल तर ३८ महिने.

आता कुणीही विचारेल, नांगरून गाडला तर धोका कमी व्हायला हवा, मुदत उलट वाढते कशी? कारण जंताचं अंडं उन्हात आणि वाळवणात मरतं. मातीत दडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. गाळ चार महिने तरी उन्हाला उघडा राहिला तर सूर्य आपलं काम करतो. नियम लिहिणाऱ्यानं शेत पाहिलेलं असलं की असे नियम निघतात.

आणखीही आहे. पाण्यापासून दहा मीटर लांब. पुरात किंवा गोठलेल्या जमिनीवरून तो वाहून नदीत जाणार असेल तर नाही. पिकाला लागेल तेवढ्याच नत्राच्या हिशोबानं. पण हे सगळं पुस्तकात. प्रत्यक्षात पाळतो कोण?

इथे परवाना येतो. ५०३ ची गंमत अशी, की ते नियम परवान्याची वाट पाहत नाहीत. हातात परवाना असो वा नसो, नियम लागूच. "साहेब, आमचा अर्ज अजून टेबलावर आहे" हे कारण चालत नाही. मग परवाना कशाला? तर माणसाचं नाव पक्कं करायला. गाळ तयार करणारा, म्हणजे प्रकल्प, तो परवान्यासाठी अर्ज करतो. अर्जात सांगायचं: गाळ किती, कसा प्रक्रिया केलेला, कुठल्या शेतांवर जाणार, आणि शेतं अजून ठरली नसतील तर ती कशी निवडणार. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. नमुने किती वेळा तपासायचे ते गाळाच्या वजनावर: वर्षाला २९० टनांच्या आत असेल तर वर्षातून एकदा, १५,००० टनांच्या पुढे दर महिन्याला. दिवसाला दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, किंवा त्याहून मोठा प्रकल्प असेल, किंवा दहा हजार लोकवस्ती असेल, तर दर १९ फेब्रुवारीला वार्षिक अहवाल. तारीख तीच, नियमांच्या वाढदिवसाची!

प्रकल्पानं गाळ दुसऱ्याच्या हवाली केला, तरी हात झटकता येत नाहीत. पुढच्याला नियम पाळायला जी माहिती लागते ती लेखी द्यावी लागते. पसरणाऱ्यानं जमीनमालकाला ती द्यायची. फाटकापासून नांगराच्या तासापर्यंत एकेक सही. म्हणूनच व्याख्यानाचं नाव मी 'गाळ कुणाच्या नावावर' असं ठेवलं. धातूच्या मर्यादा चुकीच्या निघाल्या तर बदलता येतात. नावच नसेल तर काय बदलणार?

इतकं नीट बांधलेलं घर. मग ते गळलं कुठे? दोन ठिकाणी. त्यातली एक गळती छोटी, दुसरी फार मोठी.

छोटी आधी. २०१८ साली न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडचा गाळ भरलेली आगगाडी अलाबामात पोचली. तो जाणार होता एका खाजगी कचराभूमीत. कचराभूमीला परवाना होता. पण गाळ रेल्वेतून ट्रकमध्ये भरायचा कुठे? आधी तो वेस्ट जेफरसन गावाजवळ भरत असत. त्या गावानं कोर्टातून मनाई आणली. मग डबे सरकले शेजारच्या पॅरिशला. हजार माणसांचंही नाही ते गाव. त्याच्याकडे जमीनवापराचे नियमच नव्हते, म्हणून अडवायला कागद नव्हता. डबे दोन महिने तिथे उभे, मुलांच्या खेळाच्या मैदानाला लागून. दारं लावून बसली माणसं. पाठवणाऱ्याकडे कागद, घेणाऱ्याकडे कागद, आणि वाटेतल्या गावाला विचारलंय कुणी? हा प्रश्न आपल्याकडच्या कचरा डेपोंच्या गावांना विचारा, ती माणसं तुम्हाला रात्रभर उत्तर देतील.

आता मोठी गळती. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं राज्य. तिथे १९८० च्या दशकापासून दुभत्या गुरांच्या चराऊ जमिनींवर गाळ पडत होता. चोरून नाही, राज्याच्या परवान्यानं. शेतकऱ्याला फुकट खत, शहराची सुटका, आणि कागद सगळे चोख. गेल्या दशकात अरंडेल गावातल्या एका डेअरीच्या दुधात पीएफओएस सापडलं. पीएफएएस या कुळातलं हे रसायन. डाग न पडणारे गालिचे, पाणी न धरणारे कपडे, तेल न शोषणारा कागद, आग विझवायचा फेस, यांत ही कुळी असते. निसर्गात ती मोडत नाही. कारखान्यातून गटारात, गटारातून गाळात, गाळातून गवतात, गवतातून गाईत.

धातूंच्या यादीत ती होती का? नव्हती. १९९३ साली तिच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे त्या शेतकऱ्यानं एकही नियम मोडला नाही, प्रकल्पानं मोडला नाही, कार्यालयानं मोडला नाही, आणि शेत गेलं. मग दोष कुणाचा? मला विचाराल तर यादीचा नाही. कुठलीही यादी अपुरीच असणार. दोष आहे ती पुन्हा उघडून न बघण्याचा. कायद्यानं ईपीएवर दर दोन वर्षांनी नियमांचा फेरविचार करायची सक्ती आहे, आणि गाळाचे नवे नियम आले की चालू परवाना मध्येच उघडता येईल असं कलम परवान्यात घालावंच लागतं. दार ठेवलेलं होतं, कडी काढायला कुणी गेलं नाही. २०१८ मध्ये ईपीएच्याच अंतर्गत तपासनीस विभागानं लिहिलं की गाळात सापडलेल्या ३५२ पदार्थांचा माणसावर आणि निसर्गावर काय परिणाम होतो हे संस्थेला सांगता येत नाही. नऊ धातूंना मर्यादा, आणि ३५२ पदार्थ वाऱ्यावर.

२०२२ मध्ये मेननं गाळ जमिनीवर पसरायला आणि त्याचं कंपोस्ट विकायला सरसकट बंदी घातली. नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी सहा कोटी डॉलरचा निधी काढला. टाळ्या वाजवाव्या असा निर्णय, आणि मीही वाजवतो. पण गाळ? तो सगळा कचराभूमीत गेला. ओल्या गाळानं कचऱ्याचा ढीग निसरडा होतो, कोसळायची भीती असते. म्हणून त्यात कोरडा, अवजड कचरा मिसळावा लागतो, आणि तसा कचरा पुरेना. २०२३ च्या सुरुवातीला मेनचा गाळ ट्रकमधून सरहद्द ओलांडून कॅनडात जाऊ लागला. बारा मैल, एकशे सहा मैल, टेक्सास, कॅनडा. बंदी ही गाळाला वाट देत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारी पाठवते. जानेवारी २०२५ मध्ये ईपीएनं पीएफएएस कुळातल्या दोन रसायनांबद्दल जोखमीच्या मूल्यमापनाचा मसुदा काढला. गाळात अब्जात एक भाग इतकं प्रमाण असलं, तरी त्या शेताजवळ राहून तिथलंच दूधदुभतं आणि भाजी खाणाऱ्याला धोका असू शकतो, असा त्याचा सूर. मसुदाच आहे, नियम नव्हे.

आता घरी येऊ.

मैल्याचं खत महाराष्ट्राला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या पूर्वेकडच्या उसाच्या मळ्यांना नगरपालिकेचं सोनखत जात असे. आधी शेतकऱ्यांनी शिवायलाही नकार दिला, मग ऊस बघून रांगा लागल्या. तेव्हाच्या मैल्यात मैलाच होता. आजच्या गटारात काय काय आहे हे मघाशी सांगितलं. आणि ते सोनखत कुणाच्या हातांनी, कुणाच्या डोक्यावरून गेलं, हे विसरून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही.

आज आपल्याकडे परवाना म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. १९७४ च्या जलकायद्याखालचं. एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचं संमतिपत्र उघडा. पाण्याचे आकडे व्यवस्थित: बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप, किती; टीएसएस, म्हणजे न विरघळलेले कण, किती. पुढे घातक नसलेल्या कचऱ्याचा तक्ता येतो. त्यात एक ओळ: एसटीपीचा, म्हणजे मैलापाणी प्रकल्पाचा, गाळ, इतके किलो. आणि 'विल्हेवाट' या रकान्यात बहुतेक वेळा दोन-तीन शब्द: खत म्हणून वापर.

कुणाच्या शेतात? कुठल्या पिकाला? किती दिवस थांबून? तपासला कुणी? रकान्यात जागा नाही. कारखान्याच्या सांडपाण्याचा रासायनिक गाळ असेल तर तो घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो, त्याला नोंदणीकृत जागेचा रस्ता आहे. मैलापाण्याचा गाळ मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो आणि फाटकाबाहेर पडला की अनाथ होतो.

कुणी म्हणेल, आपले आकडे तर अमेरिकेपेक्षा कडक आहेत. खरं आहे! खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, आर्सेनिक १०. अमेरिकेची कडक मर्यादासुद्धा अनुक्रमे ३९, ३०० आणि ४१. पण आपला आदेश लागतो विकल्या जाणाऱ्या खताला. फुकट ट्रॉली देताना तो पोत्यावर छापलेला नसतो, कारण पोतंच नसतं. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी गंगेकाठच्या प्रकल्पांचा गाळ तपासला. तो बहुतांशी ब वर्गात बसतो असं त्यांनी म्हटलं. ब वर्ग! हे वर्ग कुणाचे? ५०३ चेच. मोजायला पट्टी आपण तिकडून आणली. त्या पट्टीबरोबर येणारे १४ महिने आणि ३८ महिने मात्र बंदरातच राहिले.

हे आत्ताच का बोलायचं? कारण मुंबईत सात नवे प्रकल्प उभे राहताहेत: वरळी, वांद्रे, धारावी, वेसावे, मालाड, घाटकोपर, भांडुप. सगळे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर. मघाचा दोनशे किलोंचा हिशोब लावा: रोज पाचशे टनांच्या आसपास कोरडा गाळ, आणि यंत्रातून दाबून निघालेला ओला म्हटलात तर त्याच्या चार-पाच पट. आजवर मुंबईचं बरंचसं मैलापाणी अर्धवट प्रक्रिया होऊन समुद्रात जात होतं, म्हणजे न्यूयॉर्कसारखं आपणही समुद्राच्या भरवशावर होतो. आता त्यातला गाळ जमिनीवर येणार. ठाणे, पालघर, रायगड, नाशिकच्या शेतकऱ्याला कुणीतरी "साहेब, फुकट खत आहे" म्हणून फोन करणारच आहे.

मला अमेरिकेचे नियम जसेच्या तसे नकोत. त्यांनी यादी बंद ठेवली, ती चूक आपण का उचलायची? पण त्यांचं पासबुक मला हवंय, आणि इथे ते ठेवायला नवी कचेरी लागत नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आहेच. ज्या गटात गाळ पडला, त्यावर तारीख आणि टनांची नोंद घाला. जमीन घेणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या सोसायटीला, पुढच्या पिढीला दिसू द्या. तलाठी भाऊसाहेब म्हणतील, आधीच काय कमी काम आहे. बरोबर आहे त्यांचं. मग खर्च गाळ निर्माण करणाऱ्यावर टाका. मुंबईत प्रकल्प बांधणाराच पुढची पंधरा वर्षं तो चालवणार आहे. गाळाची तपासणी, वाहतूक, शेताची नोंद हे सगळं त्याच्या बिलात आज धरलं तर शहर पैसे देईल. उद्यावर टाकलं तर पैसे देईल पालघरचा शेतकरी, आणि त्याला बिलसुद्धा मिळणार नाही.

एवढ्यासाठी नवा कायदाही लागत नाही. संमतिपत्रात अटी घालायचा अधिकार मंडळाला १९७४ च्या जलकायद्यानंच दिलेला आहे. 'विल्हेवाट' या रकान्यात शेताचा गट क्रमांक, पीक, थांबायचे महिने आणि घेणाऱ्याची सही, एवढं मागता येतं. रकाना लहान पडला तर जोडपत्र लावायची आपल्या कार्यालयांना चांगली सवय आहे.

प्रश्नांसाठी अध्यक्षांनी वेळ ठेवला आहे, म्हणून इथे थांबतो.